नाण्याची पालखी

मिरचीचा हंगाम सुरू झाला तरी काशीरामचा मसाला कुटायचा डंक निम्मा दिवस गप्पच असायचा. भांडुपच्या डोंगरावर देवगडकडच्या लोकांची ती वाडी. एप्रिल उजाडला की पत्र्यांवर, गॅलऱ्यांत, पाण्याच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा मिरच्या वाळत पडायच्या. वाळल्या, परतल्या, की थेट काशीरामच्या दारात. तिथं लोखंडी मुसळं वर जायची, धाडकन उखळात पडायची, आणि अख्खी गल्ली शिंकायची. यंदाही मिरच्या वाळल्या. पण बायका पिशव्या भरून डोंगर उतरायला लागल्या आणि स्टेशनजवळच्या डंकावर रांगा लावायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून रोज रडणारी शेजारची शकुसुद्धा गेली. लंगडत गेली, पण गेली.

कारण सही. वाडीच्या जागी टॉवर होणार होता, सगळ्यांनी सह्या दिल्या, काशीराम अडून बसला. टॉवरात घर मिळणार, डंकाला जागा नाही. आवाज होतो, खकाणा उडतो, शिवाय लिफ्टमधून मिरचीची पोती कोण नेऊ देतो? गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं ते सगळं त्याने ह्या यंत्रात घातलं होतं. "घरात बसान मी काय करू?" तो बैठकीत म्हणाला. "टीव्ही कुटू?"

कोणी हसलं नाही. मंडळाचा अध्यक्ष लवू मेस्त्री उभा राहिला. लवू हुशार माणूस. 'वाळीत' हा शब्द त्याने तोंडातून काढला नाही, कारण त्याला कायदा आहे.

"कोणाक काय टाकूचा बिकूचा नाय," तो म्हणाला. "फक्त त्यांच्याशी बोलूचा नाय, त्यांच्याकडे जावचा नाय आणि त्यांका बोलवूचा नाय."

"म्हणजे तेच झालं ना यार," मागून एक तरणा म्हणाला. त्याच्या बापाने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

ही गणपतीनंतरची गोष्ट. तेव्हापासून काशीरामच्या घराशी वाडी बोलत नव्हती. काशीरामला फार फरक पडला नाही. तो मुळातच कमी बोलायचा, आणि खालच्या वस्तीतून दोन-चार गिऱ्हाइकं यायची, तेवढ्यावर त्याचे हात चालू राहायचे. मुलगी ऋतिका मुलुंडला चष्म्याच्या दुकानात कामाला होती. ती सकाळी जायची ती अंधार पडता यायची. वाट लागली ती त्याच्या बायकोची, विमलाची. विमला म्हणजे माणसांत राहणारी बाई. कढईत धणे परतताना शेजारी कोणी बसलेलं नसेल तर तिला धणे करपल्यासारखे वाटायचे. आता ती एकटीच परतायची, एकटीच खोकायची. शकुच्या आणि तिच्या घरात एक पत्रा. पलीकडे शकु मुलीशी फोनवर बोलायला लागली की विमला गॅस बारीक करून ऐकत बसायची. तिला माणसं हवी होती. दुसरं काही नको होतं.

अशात नाणं आलं.

भाई पाटगावकरांची जन्मशताब्दी होती. भाई म्हणजे डोंगरावर नळ आणणारे पुढारी. त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने चांदीची नाणी पाडली आणि भाईंनी जिथं जिथं काम केलं त्या प्रत्येक वस्तीला एकेक दिलं. वाडीच्या वाट्याला एक आलं. तळहातावर मावेल एवढं, जाडजूड. एका बाजूला भाईंचा चेहरा, जाड काड्यांचा चष्मा, कपाळावर आलेली बट. दुसऱ्या बाजूला नळ आणि त्याखाली कळशी. काम इतकं सुबक होतं की नळाचा थेंबसुद्धा कोरला होता. तो बघून बायका म्हणाल्या, आमच्या नळाला एवढंपण येत नाही.

ठेवायचं कुठं यावर भांडण लागलं. मंडळाच्या कपाटाचं कुलूप मोडकं, आणि लवूच्या घरी ठेवायला अर्धी वाडी तयार नाही. शेवटी धोंडिराम बोलला. धोंडिराम गावच्या देवळाच्या गुरवाच्या घरातला, वाडीत सगळ्यांत म्हातारा. "शिमग्याक पालखी फिरवतत तसा फिरवा," तो म्हणाला. "रोज एक घर. रातभर वस्ती. दुसऱ्या दिवशी फुडचा घर."

सगळ्यांना ते झकास वाटलं. भाई जन्मभर अंगारे, धुपारे आणि नवस ह्यांच्याविरुद्ध घसा फोडत आले हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. गणपतीच्या मखराची पालखी करून बघितली, तर तिच्यात नाणं कुठं दिसेचना. मग तांब्याच्या ताटात लाल कापड, त्यावर नाणं, वर छत्री धरायला एक माणूस. बँजो पार्टीचा खर्च बिल्डरने उचलला. बँजोवाले कांजूरचे, त्यांचा मुख्य रतन नावाचा. त्याला लवूने पहिल्याच दिवशी बजावलं, "पायऱ्यांजवळचं ते डंकाचं घर आहे ना, तिथं वाजवायचं नाही. त्याच्या आधी थांबायचं, पुढे गेल्यावर चालू करायचं."

"का ओ?"

"तुला काय करायचंय? सांगितलं तेवढं कर."

काशीरामचं घर वाटेच्या तोंडाशी होतं. नाणं कुठंही जायचं असो, त्याच्या दारावरूनच जाणार. आणि खरं सांगायचं तर पहिला मान त्याच घराचा. भाई डोंगरावर आले की जेवायला काशीरामच्या आईकडे. बाकी कोणाकडे चहासुद्धा घ्यायचे नाहीत. हे वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

फेरी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवू आला. तो काशीरामशी बोलू शकत नव्हता, नियम त्यानेच केलेला. म्हणून तो दारासमोरच्या विजेच्या खांबाकडे तोंड करून उभा राहिला.

"काय हा," तो खांबाला म्हणाला, "सही झाली तर पहिलो मान अजून देवक येता. फिरवाफिरव काय, परत सुरू करू. भाईंचा येणाजाणा ह्याच घरात होता, ता आमका म्हायत नाय असा नाय."

काशीराम मुसळाच्या दांड्याला तेल घालत होता. दारात वाडीचं कुत्रं पडलं होतं. त्याच्याकडे बघून तो म्हणाला, "जा रे बाबा. सही मागूक इल्लंस, मान देवक नाय."

लवू खांबाचा निरोप घेऊन गेला. विमला कढईजवळ बसून हे सगळं ऐकत होती. "ओ," ती म्हणाली, "खांबाशी का होईना, लवू बोललो तरी. तुमी जरा सरळ उत्तर दिलात असतात तर?"

"सरळच दिलंय."

"कुत्र्याक!"

संध्याकाळी नाणं निघालं तेव्हा विमला दारात उभी होती. नवं लुगडं, हातात निरांजनाचं ताट. ऋतिकाला त्या दिवशी सुट्टी होती. ती आतून म्हणाली, "आई, ये ना आत. ते थांबणार नाहीत. आणि चांदीचं नाणं आहे ते. भाईंनी बघितलं असतं तर सगळ्यांना हाकलून दिलं असतं."

"तू गप ऱ्हव."

बँजो मोठ्याने वाजत वर येत होता. दोन घरं अलीकडे आल्यावर रतनने हात वर केला आणि सगळं बंद झालं. नुसत्या चपला वाजत राहिल्या. लवू ताट धरून पुढे, मान ताठ. मागून बायका, एकमेकींच्या पाठींकडे बघत चाललेल्या. शकु गेली तेव्हा तिचा पदर निरांजनाला लागता लागता राहिला. विमलाने ताट मागे घेतलं. सगळी वाडी तिच्यासमोरून अशी गेली. रतन तेवढा जाता जाता म्हणाला, "नमस्कार मावशी." लवूने वळून त्याच्याकडे डोळे वटारले. पुढच्या वळणावर बँजो परत सुरू झाला.

रोज असंच. विमला रोज उभी राहायची. काशीराम रोज म्हणायचा, "कित्या आपली फजिती करून घेतंस?" ती तोंड आत वळवून डोळे पुसायची आणि सांगायची मिरची लागली.

मग एक दिवस ती उठली आणि मंडळाच्या खोलीत गेली. धोंडिराम तिथं एकटाच तगरीचे हार करत बसला होता. तो मान वर करीना. विमला त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बोलू नकात," ती म्हणाली. "नुसतो ऐका. गावात वाळीतल्या घराकपण देवाकडे कौल मागूचो हक्क आसा. खरा ना? माका कौल होयो. भाईंका विचारा, आमच्या घराक येतले काय नाय. नाय म्हणाले तर मी परत दारात उभी ऱ्हवचंय नाय."

धोंडिरामने सुई हारात खोचून ठेवली. तिच्याशी बोलायला बंदी, पण कौल मागितल्यावर गुरवाने ऐकलंच नाही असं चालत नाही. शेवटी त्याने देवळात म्हणतात तसं म्हटलं, "होय म्हाराजा."

लवू भडकला. "डोक्यार पडलास काय बाबा? ह्या नाणा आसा, देव नाय!"

"मगे नारळ कित्या फोडलास? ओवाळलास कित्या?" धोंडिराम म्हणाला. "छत्री धरलास, वस्ती केलास. इतक्या सगळ्या देवाचा केलास आणि कौलाक तेवढा नाणा?"

वाडीतल्या जुन्या माणसांना ते पटलं. कौल नाकारायचा म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा नाही.

रविवारी दुपारी मंडळाच्या खोलीत सगळे जमले. काशीराम यायला तयार नव्हता, पण ज्याच्या घराचा कौल त्याला यावंच लागतं. पाटावर कणकेचा गोळा ठेवून त्यात नाणं उभं रोवलं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, कारण वाऱ्याने कौल द्यायचा नाही, भाईंनी द्यायचा. मे महिन्याची दुपार, वर पत्रा, आत एवढी माणसं. पाच मिनिटांत बुडाखालची सतरंजी ओली झाली.

धोंडिराम उभा राहिला. हात जोडले. "बा भाई म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरां तुज्यासमोर जमलीत म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"काशीरामाच्या उंबऱ्यार तुका जावचा आसात तर उजवो दे, नसात तर डावो दे, आणि काय ता उघड करून दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

त्याने तांदळाचे दोन दाणे पाण्यात बुडवले आणि भाईंच्या चष्म्याच्या दोन काड्यांवर लावले. भाईंचा उजवा हात तो उजवा, हे आधीच ठरलं होतं. गावच्या पाषाणाला दाणे चिकटतात, कारण पाषाण खरखरीत. हे नवं कोरं चांदीचं. बोट काढलं आणि दोन्ही दाणे एकदमच खाली.

"म्हणजे काय?" कोणीतरी विचारलं.

"म्हणजे काय नाय. परत."

परत लावले, परत दोन्ही पडले. तिसऱ्यांदा धोंडिराम वैतागला आणि हारातल्या तगरीच्या दोन पाकळ्या काढून, भिजवून, त्याने काड्यांवर दाबल्या. त्या बसल्या. इतक्या घट्ट बसल्या की हलायचं नावच घेईनात. ओली पाकळी गुळगुळीत चांदीला चिकटली की ती सुकेपर्यंत काही पडत नाही. हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं, पण कौल लागलेला होता. कौल लागला की तो पडेपर्यंत कोणी उठायचं नाही, हा नियम लवूच्या नियमाहून पुष्कळ जुना.

सगळे बसले. कोणी डोळे मिटले, कोणी मोबाइल काढला. घामाचा वास, अगरबत्तीचा वास, आणि काशीराम-विमलाच्या कपड्यांतून येणारा मिरचीचा. मागे एक तान्हं रडायला लागलं. त्याची आई दमली तसं ते हातोहात पुढे आलं आणि गर्दीत कोणाला कळायच्या आत विमलाच्या मांडीवर पोचलं. विमलाने त्याला पदराने वारा घातला. ते गप्प झालं.

"झोपला?" पोराची आई मागून बोलून गेली.

"झोपला गो," विमला म्हणाली. "मानेखाली घाम आसा नुसतो."

आईने जीभ चावली, पण मग कोणीतरी म्हणालं, "विमल, तांब्यो जरा हयसर दी." विमलाने दिला. तांब्या फिरला. एक म्हातारा काशीरामला म्हणाला, "पट्टो बदललंस काय रे डंकाचो?" काशीराम म्हणाला, "बदललंय, गेल्या म्हयन्यात." लवू दोन-तीनदा खाकरला, पण त्यालाही तहान लागली होती आणि तांब्या विमलाकडे होता.

शकु विमलाला खेटूनच बसली होती. जागाच नव्हती दुसरी. शेवटी तिच्याने राहवेना.

"आमच्या अपूर्वाक दिवस गेलेत," ती हळूच म्हणाली.

"आयकलंय," विमला म्हणाली. "पत्र्यातना."

"सगळा आयकतंस मेले!" शकु तोंडावर पदर धरून हसली. "तिका कसले डोहाळे लागलेत माहीत आसा? खारवलेल्या मिरचीचे. तळून देवची तर नाय, कच्चीच. मी म्हटलंय, अगो, पोटात पोर आसा काय पोपट!"

विमला हसली. गणपतीनंतर ती पहिल्यांदा हसली. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ह्या वेळेला मिरचीचं नाव घ्यायलाही तिला सुचलं नाही. काशीरामने ते समोरून बघितलं.

"मगे परवा मुलुंडाक नेलंय डॉक्टरीणीकडे," शकु म्हणत होती. "तिना पोट बघितल्यान, मशीन लावल्यान, आणि माका बाजूक घेतल्यान. म्हणता, आजी, आता तुमका—"

पाकळी पडली. भाईंच्या उजव्या काडीवरची.

"उजवो!" धोंडिराम ओरडला. "उजवो दिलो म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

खिडक्या उघडल्या, पंखा लागला, माणसं भराभर उठली. शकुही उठली. विमलाने तिचा हात धरला, "काय म्हणाली गो डॉक्टरीण?" शकुने हात सोडवून घेतला आणि चप्पल शोधायला लागली. पोराची आई पोर घेऊन गेली. बघता बघता खोली रिकामी झाली.

तरीपण विमलाला वाटलं, उद्या. उद्या सगळे घरात येतील, बसतील, मग काय ते सगळं सांगतील. शिमग्याला पालखी आली की अख्खा गाव मागून घरात येतो, खातो, पितो, त्याशिवाय का पालखी आली म्हणतात? घरी जाताना ती गुणगुणत होती.

काशीरामने तिला विचारलं, "सही करून टाकू काय?"

ती थांबली. "आणि डंक?"

"डंकाचा काय. लोखंड ता. तुका आज हसताना बघितलंय." तो दुसरीकडे बघत म्हणाला. "उद्या नाणा इला की लवूक सांगतंय."

विमलाला भरून आलं. "उद्याचा होवन जाव दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून शेगडीपाशी. काळे वाटाणे रात्रीच भिजवलेले. खोबरं भाजलं, स्वतःच्या हाताने कुटलेला मसाला घातला, उसळ रटरटायला लागली. वड्यांचं पीठ मळलं. सोलकढी, खीर. ऋतिकाने दांडी मारली आणि आईबरोबर वडे थापले. हातावर तेल उडालं म्हणून तिने दोनदा शिव्या घातल्या, पण उठली नाही. काशीरामने डंक धुतला, त्यावर चादर टाकली, अंगण सारवता येत नाही म्हणून फरशी तीनदा पुसली. पाट मांडला, रांगोळी काढली. पत्रावळी ओळीने लावल्या. जेवढ्या मावतील तेवढ्या, आणि उरलेल्या बाजूला ढीग घालून.

उन्हं कलायच्या आत बँजो वर येऊ लागला. दोन घरं अलीकडे तो बंद झाला. रतनला नवीन कोणी काही सांगितलं नव्हतं. चपलांचा आवाज जवळ आला आणि थांबला. विमला ओवाळायचं ताट घेऊन बाहेर आली.

लवू पायरीवर उभा होता, ताट हातात. बाकी वाडी गल्लीत. एकानेही अंगणात पाय टाकला नव्हता.

"या," विमला म्हणाली. "सगळे या. वडे गरम आसत."

कोणी हललं नाही. लवूने दाराच्या चौकटीकडे बघितलं आणि चौकटीला म्हणाला, "कौल नाण्याचो झालो. नाणा ठेवतो आणि जातो. माणसांचो कौल कोणी लावूक नव्हतो."

विमलाने गर्दीत शकुला शोधलं. शकु वाकून चपलेचा पट्टा बघत होती. पट्ट्याला काही झालेलं नव्हतं.

आता विमलाला राग आला. इतक्या महिन्यांत तिला वाईट वाटलं होतं, लाज वाटली होती, राग असा आला नव्हता. तो पायांतून वर आला आणि तिचा आवाज एकदम खणखणीत झाला.

"मगे ह्या घेवन जा."

"काय?" लवू म्हणाला. गणपतीनंतर तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द, तोही तोंडातून निसटलेला.

"नाणा घेवन जा. भाई ह्या घरात जेवले ते बोलत बोलत जेवले. मुको भाई माका नको."

"विमला," धोंडिराम मागून म्हणाला, "कौल मोडू नये गो."

"मी खय मोडलंय? कौल भाईंनी येवचो दिलो. भाई इले. मी बसा म्हटलंय नाय, इतक्याच." मग ती त्याच्याही मागे बघून म्हणाली, "ओ बँजोवाले! जेवलात काय तुम्ही?"

रतन दचकला. "आम्ही? सकाळी वडापाव खाल्ला मावशी."

"मग या आत. तुमची काय सही राहिली नाही ना कुठं?"

रतनने एकदा लवूकडे बघितलं, एकदा आतून येणाऱ्या वासाकडे नाक केलं. गळ्यातला बँजो काढला, पोरांना खूण केली. ढोल, ताशे भिंतीला लागले आणि सगळी पार्टी चपला काढून आत जायला लागली.

"ओय! कुठं चाललात?" लवू ओरडला. "वाजवायला आणलंय तुम्हाला!"

"साहेब, तुम्हीच बोललात ना," रतन पायरीवरून म्हणाला, "ह्या घराजवळ वाजवायचं नाही."

गल्लीत मागे कोणीतरी फिसकन हसलं. लवूचे कान लाल झाले. पालखी वाजंत्र्यांना मागे सोडून पुढे नेत नाहीत, आणि वाटेत जमिनीला टेकवत नाहीत. दोन्ही नियम जुने, आणि धोंडिराम शेजारीच उभा. लवू ताट धरून उन्हात उभा राहिला. छत्रीवाल्याने छत्री नाण्यावर धरली होती, लवूवर नाही.

आत पंगत बसली. ऋतिका वडे वाढत होती, काशीराम उसळ. बँजोवाले भुकेले होते. वाटीला वाटी लागत होती आणि कोणी नको म्हणत नव्हतं. एक जण ठसका लागेपर्यंत जेवला आणि परत हात पुढे केला. काशीराम वाढता वाढता विमलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मगे ती सही—"

"कसली सही?" विमला म्हणाली. "सोलकढी वाढा आधी."

तो सोलकढी वाढायला गेला.

"मावशी," रतन तोंडातला घास एका गालात सरकवून म्हणाला, "इतके दिवस वाजवतोय, पण ते नाण्यावरचे कोण ओ? कोणाला विचारलं तर नुसते हात जोडतात."

विमला खाली बसली, पंगतीच्या मधोमध, भिंतीला पाठ टेकून. "ते होय," ती म्हणाली. "ते इथंच बसायचे, तुम्ही बसलात तिथं. पेज लागायची त्यांना, आणि वर लोणच्याचा खार. बोलायला लागले की पेज निवून जायची, मग सासूबाई ओरडायच्या." ती सांगत गेली. नळ कसा आला, पहिल्या दिवशी नळाला कसा नुसता वारा आला, भाईंचा चष्मा एकदा पेजेत पडला तेव्हा काय झालं. पोरं हसत होती, मध्ये मध्ये विचारत होती, ती उत्तरं देत होती. बाहेर धोंडिराम दोनदा खाकरला. लवूने ताट ह्या हातातून त्या हातात घेतलं. भाईंचं सांगून संपलं तेव्हा विमलाने सासूचं सुरू केलं.